पत्रिका वाटणारा

आमच्या करावे गावात रिटायर झालेल्या माणसाला पहिलं काम मिळतं ते पत्रिका वाटायचं. बिनपगारी, पण मानाचं. माझ्या मोठ्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि भावाने पत्रिकांनी भरलेल्या दोन पिशव्या माझ्या ओट्यावर आणून ठेवल्या.

"तू रिकामाच हायस," तो म्हणाला, "आन तुझ्या सगलीकडं ओलखी हायत. गावातली, बेलापूरची, जासईकडची, सगली तूच कर."

रिकामाच हायस! माझं डोकंच सणकलं. एरवी मी त्या पिशव्या तशाच परत पाठवल्या असत्या. पण एक पत्रिका हातात घेतली, उलटसुलट केली आणि मनात आलं, थांब, हे बरंच झालं की. आपल्याला ज्या ज्या दारात जायचंय पण जायला तोंड नाही, त्या सगळ्या दारांत जायचं हे आयतं निमित्त आहे. मी म्हटलं, "ठेव. मी करतो."

मला नोकरी हवी होती. हौस म्हणून नाही. बायकोच्या हृदयाची एक झडप आकसली होती आणि ती बदलावी लागणार होती. डॉक्टर म्हणाले होते, "घाबरू नका, पण टाळूही नका." आणि कंपनीचा मेडिक्लेम माझ्या रिटायरमेंटच्या शालीबरोबरच संपला होता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, निरोप समारंभाच्या गडबडीत मीच ऐकलं नव्हतं. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात मी उभी हयात काढली. कंटेनर कुठे उतरवला, कस्टमने उघडून बघितला की नाही, गेटबाहेर कधी गेला, सगळं माझ्या सहीने व्हायचं. साठीला त्यांनी मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ बंद पडलंय, तो भाग वेगळा.

नवीन विमा घ्यायला गेलो तर एजंट म्हणाला, "काका, आधीपासूनचा आजार आहे, काही वर्षं थांबावं लागेल." मी म्हटलं, "मी थांबतो हो, झडप थांबेल का?" सरकारी योजनेचंही बघून झालं, पण बायकोचा ज्या एका डॉक्टरवर विश्वास बसला होता त्याचं हॉस्पिटल त्यात बसत नव्हतं. माझा फंड मुलीच्या लग्नात आणि वरचा मजला चढवण्यात गेला होता. शेवटी त्या एजंटनेच वाट सांगितली. एखाद्या कंपनीत पक्क्या रोलवर लागा, कंत्राटावर नको. कंपनीच्या पॉलिसीत बायकोचं नाव पहिल्या दिवसापासून येतं, जुन्या आजारासकट. म्हणजे माझी नोकरी हीच तिची झडप होती. मी रोज सकाळी डोळे उघडायचो ते हा विचार छातीवर घेऊनच.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगायचं ना लोकांना. तेच तर जमत नव्हतं. हे शहर वसवायला सरकारने आमच्या गावांच्या जमिनी घेतल्या आणि बदल्यात घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट दिले. तेव्हापासून गाववाला म्हटलं की लोकांना वाटतं, याच्या दोनचार बिल्डिंगा असणार, हा महिन्याला भाडं गोळा करतो आणि ओट्यावर बसून पानतंबाखू खातो. आमच्या वाट्याचा प्लॉट चुलत्यांच्या भांडणात कोर्टात पडलाय, हे बाहेर कोणाला माहीत? आणि ते माहीत होऊ नये म्हणून मीच तर इतकी वर्षं कडक इस्त्रीचे कपडे घालून फिरलो.

त्यात आमची ही पत्रिकेची रीत. हातावर अक्षता द्यायच्या, पत्रिका द्यायची, "चूलबंद आमंत्रण हाय बरं का" म्हणायचं, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं. आणि ज्याने बोलावलं त्यानेच हळदीला मांडवाच्या दारात उभं राहायचं. आई म्हणायची, बोलवायला गेलेल्या माणसाने त्या दारात काही मागायचं नसतं. मी निघालो होतो ते नेमकं दोन्ही करायला.

पहिल्यांदा गेलो चुलत पुतण्याकडे. तो बिल्डर आहे. पामबीच रोडला काचेचं ऑफिस, आत हुडहुडी भरेल असा एसी. पोरगं चांगलं, खुर्चीतून उठून पाया पडलं. "काका, तुमचं बरंय हां. टेन्शन नाय, काय नाय. आता मस्त आराम करायचा." मी चहाचा घोट घेतला, धीर केला आणि म्हणालो, "आराम कसला रे, घरात बसून कंटाळा येतो."

कंटाळा! तोंडातून हाच शब्द का आला, देव जाणे. बायकोचं ऑपरेशन आहे, मला काम दे, एवढं साधं वाक्य घशाशी आलं आणि बाहेर पडलं ते हे. पुतण्याचे डोळे चमकले. "मंग काका, गावदेवीच्या कमिटीत या ना! तुमच्यासारखा मानूस पायजेच होता आम्हाला." मी नाही म्हणायच्या आत त्याने कोणाला तरी फोन लावून माझं नाव सांगूनही टाकलं.

पुढच्या घरी तेच. तिथून निघालो तो ज्येष्ठ नागरिक संघाचा सल्लागार होऊन. एका सोसायटीवाल्याने मला शाळकरी पोरांच्या चित्रकला स्पर्धेचा परीक्षक केलं. मला घोडा आणि गाढव यांतला फरक काढून दाखवता येत नाही! आठवडाभरात माझ्याकडे इतकी पदं झाली की एखाद्या पुढाऱ्याने हेवा करावा, आणि पगार एकाचाही नाही. कंटाळा आला म्हणणाऱ्या माणसाला लोक मानाचं काम देतात. पोटाचं काम ज्याला गरज आहे त्याला देतात, आणि हातात पत्रिकांची पिशवी घेऊन, पांढरे कपडे घालून आलेला माणूस गरजू कुठून दिसणार? मी जितक्या घरी गेलो तितक्या घरी माझं सुखी म्हातारपण जाहीर करून आलो.

संध्याकाळी घरी आलो की बायको विचारायची, "झालं काय कुठं?"

"सांगून ठेवलंय," मी म्हणायचो. "बघतो म्हणालेत."

ती मान डोलवायची. सुका जवळा निवडत बसलेली असायची आणि मधेच हात थांबवून भिंतीला टेकायची, आमचा वरचा मजला चढल्यासारखा श्वास घ्यायची. मी बघितलं की लगेच ताठ बसायची. "काय नाय हो. जरा दम लागतो, एवढंच." तिच्या आजाराबद्दल ती याहून जास्त कधी बोललीच नाही. मला मात्र रात्री झोप नव्हती. तिचा श्वास ऐकत पडायचो आणि उद्या कोणाच्या दारात जायचं ते ठरवायचो.

मग मी भाईकडे गेलो. भाई म्हणजे उरणकडचा कोकणी मुसलमान, बेलापूरला त्याची कस्टम क्लिअरिंगची कंपनी आहे. माझ्या यार्डात त्याचे कंटेनर यायचे. सुरुवातीला तो एकटाच फायली घेऊन उन्हात उभा असायचा, तेव्हापासूनची आमची दोस्ती. माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी त्याने खाल्ली, त्याच्या घरचा पुलाव मी खाल्ला. मनात म्हटलं, इथे तरी लाज कसली, इथे स्पष्ट बोलायचं.

पत्रिका बघून भाई इतका खूष झाला की त्याने सगळ्या ऑफिसला बोलावलं. "हे कोण माहितीये? यार्डात यांची सही झाल्याशिवाय मुंगी गेटबाहेर जायची नाय!" नव्या पोरांनी माझ्याकडे म्युझियममध्ये बघतात तसं बघितलं. भाईचा मुलगा, जो आता सगळा धंदा बघतो, त्याने फोनवर बोलता बोलताच नमस्कार केला. भाई म्हणाला, "साल्या, तू सुखी. मला ही पोरं अजून घरी बसू देत नाहीत." आणि सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यानंतर कसं सांगणार?

"घरी बसून कंटाळा येतो यार," मी म्हटलं.

"मग इकडे ये चहाला. रोज ये!" भाईने माझ्या पाठीवर थाप मारली. लिफ्टमध्ये मी आरशात बघितलं आणि स्वतःला अशी एक सणसणीत शिवी हासडली की बरोबरचा माणूस दचकला.

उरली होती जासई. माझ्या जुन्या यार्डातल्या माणसांच्या पत्रिका. स्कूटरवरून निघालो, दोन्ही बाजूंना ट्रेलर, धुरळा, हॉर्न. गेटवर नवीन सिक्युरिटीवाला होता, त्याने माझा पास बनवला आणि "कोणाला भेटायचंय?" म्हणून विचारलं. असू दे, त्याचा काय दोष. आतला मॅनेजर तरुण, पण चांगल्या स्वभावाचा. पत्रिका घेतली, अक्षता जपून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "सर, लग्नाचं बोलवायला आलात होय! गेटवरून तुमचं नाव आलं तेव्हा मला वाटलं, काही काम असेल तुमचं."

याहून सोपी वेळ देव काय देणार! नुसतं "हो, आहे" म्हणायचं होतं. "छे हो," मी म्हणालो. "काम कसलं आता? नक्की या, चूलबंद आहे." बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावली आणि निघालो.

त्या दिवशी बायकोने "झालं काय?" विचारलं तेव्हा मला "सांगून ठेवलंय" म्हणता आलं नाही. मी नुसतं पाणी प्यालो.

"भाईंकडं भाभींना हलदीचं बोलावनं गेलं काय?" ती म्हणाली.

"पत्रिका दिली की ऑफिसात."

"पत्रिका वेगली. बायकांना बायकांनीच बोलवाया लागतं. चला, मी येते."

ही आमची रीत खरीच आहे, हळदीचं बोलावणं बाईमाणसाने बाईमाणसाला द्यायचं. पण मी म्हटलं, "तू कुठं दगदग करतेस?" तोपर्यंत ती लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत होती.

भाईच्या घरी लिफ्ट होती म्हणून बरं. भाभींनी तिचा हात धरला आणि आत नेलं. मी आणि भाई हॉलमध्ये. तो क्रिकेटबद्दल काहीतरी बोलत होता, मी हो हो म्हणत होतो. आतून आधी बायकांचं हसणं ऐकू आलं, मग बोलणं हळू झालं, मग एकदम काहीच ऐकू येईना. माझा जीव टांगणीला. चक्कर तर आली नाही ना तिला? मी उठायच्या बेतात होतो तेवढ्यात आतला पडदा सरकला आणि भाभी बाहेर आल्या. चेहरा लाल.

"तुम्ही दोघं मर्द बसून काय करताव हो?" त्या भाईवर कडाडल्या. "हिच्या दिलाचं ऑपरेशन हाय! ह्यांना नोकरी पायजे, विमा पायजे. तुमच्या ऑफिसात येऊन चहा पिऊन गेले आन तुम्ही काय केलंव? थट्टा!"

मागे बायको उभी होती, पदर सावरत, अगदी शांत. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. तिने सांगितलं होतं! मी महिनाभर दारोदार फिरून जे एकदाही बोलू शकलो नव्हतो, ते तिने हळदीचं बोलावणं देता देता सांगून टाकलं होतं. राग आला मला, खोटं कशाला बोलू. तिचाच राग आला.

पण माझ्याहून जास्त भाई भडकला होता. "इतकी वर्षं एका डब्यात जेवलो," तो म्हणाला, "आणि मला सांगतोस कंटाळा येतो? मला?" त्याचा आवाज चिरकला. मग उठून खिडकीशी गेला आणि मुलाला फोन लावला. बराच वेळ बोलणं चाललं, मुलगा कां कूं करत होता ते भाईच्या तोंडावरून कळत होतं. शेवटी फोन ठेवून तो म्हणाला, "जासईला यार्डात आमच्या कंपनीचा माणूस लागतो, जागा रिकामी आहे. पोराने दुसरा तरुण बघून ठेवलाय. शुक्रवारी मोठा माल कस्टमच्या तपासणीला लागतोय. तो म्हणतो, अंकलना शुक्रवारी सकाळी तिथे उभं राहू दे, मी त्यांना पक्क्या रोलवर घेतो. त्याच दिवशी आमची पॉलिसी रिन्यू होतेय, संध्याकाळी नावं जातील. जमेल?"

शुक्रवार. शुक्रवारी हळद होती.

बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जमेल," ती म्हणाली.

भावाला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाला, "सगल्या गावाला तू बोलावलंस, आन दारात तूच नाय? मानसं काय बोलतील? लोकांना वाटंल भाव-भाव भांडले." मी म्हटलं, संध्याकाळी येतो, धावत येतो. "धावत ये नायतर चालत ये," म्हणाला आणि तोंड फिरवून मांडववाल्यावर खेकसायला लागला. खरं कारण मी त्याला त्या वेळीही सांगितलं नाही. नोकरी आहे, एवढंच सांगितलं.

शुक्रवारी सकाळी मी त्याच गेटवर उभा राहिलो. त्याच सिक्युरिटीवाल्याने पास बनवला, फक्त या खेपेला भाईच्या कंपनीच्या नावाने. मॅनेजरने काचेतून बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "सर, आज तर तुमच्याकडे हळद ना?" मी म्हटलं, "हो. पण आज काम आहे." एवढं म्हणायला मला साठ वर्षं लागली असं वाटलं. उन्हात उभं राहून खोके उघडून घेतले, मोजून घेतले, अधिकाऱ्याच्या मागे मागे फिरलो. पाय भरून आले, पण डोकं कामात होतं तेवढा वेळ बरं होतं. जरा रिकामा झालो की भीती सुरू. काही अडलं तर? एखादा कागद कमी निघाला तर? उन्हं कलली तेव्हा शेवटची सही झाली आणि भाईच्या मुलाचा मेसेज आला, आंटीचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख पाठवा. मी एका बोटाने ते नाव टाइप केलं, तीनदा तपासलं आणि पाठवलं. दोन्ही नावं गेली, असा उलट मेसेज आल्यावरच स्कूटर काढली.

उरण रोडला ट्रेलरांची ही रांग. गावात शिरलो तेव्हा मांडवाच्या लाइटी लागल्या होत्या, बेंजो दणाणत होता, सगळी गल्ली नाचत होती. आणि मांडवाच्या दारात, माझ्या जागी, प्लास्टिकच्या खुर्चीवर बायको बसली होती. येणाऱ्या प्रत्येकासाठी उठत होती, हात जोडत होती, पुन्हा बसत होती.

मी गर्दीतच थबकलो. समोरून बिल्डर पुतण्या आला, त्याने तिला विचारलं, "काकी, काका कुठं हायत? आम्हाला बोलावून सोता गायब?"

"कामावर गेलेत," ती मोठ्याने म्हणाली, बेंजोच्या वर आवाज जाईल एवढ्याने. "नोकरी लागली त्यांना. माझं ऑपरेशन हाय ना, म्हनून."

म्हणजे दुपारपासून तिने हेच सांगितलं होतं, आलेल्या प्रत्येकाला. देवळाच्या कमिटीला, ज्येष्ठ नागरिक संघाला, सगळ्यांना. आता कोणापासून काहीच लपलं नव्हतं. भाऊ आतून आला, माझ्या धुळीने भरलेल्या शर्टाकडे बघितलं आणि आपल्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला. "मना सांगायचं नाय काय रं," एवढंच म्हणाला, तेही दुसरीकडे बघत.

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. तिचे हात हळदीने पिवळे झाले होते.

"घातलं काय माझं नाव?" तिने विचारलं.

"घातलं. आजपासून आहेस तू."

मला वाटलं ती हसेल. निदान सुटल्यासारखा श्वास तरी सोडेल. गेले कित्येक महिने ती मला "काय नाय हो, दम लागतो एवढंच" सांगत होती, आणि मीही त्यावर विश्वास ठेवल्याचं दाखवत होतो. तिने माझा हात धरला. तिची बोटं गार होती.

"मंग आता करावं लागंल," ती म्हणाली. "मना लय भीती वाटते हो."